नवख्यांचा पहिला ठराव

तालुक्यातल्या काही शाळांनी मिळून नववीच्या मुलांचा वादविवाद सुरू करायचा आणि विषय तू काढायचा, असं ठरलं हे फार चांगलं झालं. आता विषयांची लांबलचक यादी करत बसू नकोस. एकच ठराव घे, सगळ्या शाळांना तोच दे आणि शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत तो बदलू नकोस. मी पुढे सांगते त्यातलं बाकीचं विसरलीस तरी चालेल, हे मात्र धरून ठेव.

कारण सांगते. आपल्याकडे स्पर्धेचं पत्रक येतं, त्यावर तीन-चार विषय असतात आणि हातात जेमतेम पंधरा दिवस. मराठीच्या बाई दोन भाषणं लिहून देतात. एक मूल अनुकूल बाजू पाठ करतं, दुसरं प्रतिकूल. नाव पुकारलं की मूल उठतं, परीक्षकांना आणि गुरुजनांना वंदन करतं, पाठ केलेलं बोलतं, इशाऱ्याची घंटा वाजली की वेग वाढवतं आणि टाळ्या घेऊन बसतं. आधीचा स्पर्धक काय म्हणाला हे त्याच्या कानात शिरलेलंच नसतं, कारण तेवढा वेळ ते स्वतःचं भाषण मनात घोळवत असतं. याला वक्तृत्व म्हणावं. वक्तृत्वाची आपली परंपरा थोरच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. पण दोन भाषणं एकापाठोपाठ झाली म्हणून वाद होत नाही. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचं बोलणं बदललं पाहिजे.

ठराव चार महिने तोच राहिला की पाठांतर आपोआप गळून पडतं. पहिल्या भेटीत दुसऱ्या शाळेची एखादी मुलगी असं काही विचारते, की त्याचं उत्तर बाईंनी लिहून दिलेल्या कागदावर नसतं. मूल घरी जातं, चार जणांना विचारतं, पुढच्या भेटीला उत्तर घेऊन येतं. तोवर तिनेही नवं काही काढलेलं असतं. आणखी एक. ज्या शाळेत धड वाचनालय नाही, तिथल्या मुलाला हा एकच विषय फार उपयोगी पडतो. मोठ्या शाळेच्या मुलांनी शोधलेली माहिती त्याच्यासमोरच बोलली जाते, आणि पुढच्या भेटीत ती त्याचीही झालेली असते. विषय दर वेळी नवा असला तर ज्यांच्या घरी पुस्तकं आणि इंटरनेट, तीच मुलं दर वेळी पुढे राहतात.

अमेरिकेत हायस्कूलच्या वादविवादाचा पसारा मोठा आहे. तिथे ‘पॉलिसी’ नावाच्या प्रकारात देशभर अख्खं शैक्षणिक वर्ष एकच विषय चालतो. ‘लिंकन-डग्लस’ प्रकारात विषय बदलत राहतात, पण नवख्यांच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी तिथल्या राष्ट्रीय संघटनेने एक वेगळा विषय सुचवून ठेवला आहे: लोकशाहीत सविनय कायदेभंग नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे. विषय ठरलेला असल्यामुळे आधीच्या वर्षी तो लढवलेली मुलं नव्या मुलांना शिकवू शकतात. ही रीत आपण जरूर घ्यावी. त्यांचा विषय पहिल्याच खेपेला घ्यावा का, याबद्दल माझं मत वेगळं आहे. त्याकडे नंतर येते.

आधी काय टाकून द्यायचं ते पाहू. ‘विज्ञान: शाप की वरदान’, ‘लेखणी श्रेष्ठ की तलवार’, ‘शहर बरे की खेडे’ हे विषय निबंधाच्या वहीत शोभतात. त्यांत कुणी काही करायचं नसतं. ठरावाला कर्ता हवा आणि क्रियापद हवं. स्वतःला विचार: उद्या सगळ्यांनी हा ठराव मान्य केला, तर परवा सकाळी कोण काय वेगळं करील? उत्तर आलं नाही तर तो विषय बाजूला ठेव. ‘विज्ञान वरदान आहे’ हे मान्य झाल्यावर कुणाच्याही दिवसात तसूभर फरक पडत नाही, म्हणून मुलंही मग मोठमोठी विशेषणं वापरून वेळ भरून काढतात.

एकाच बाजूला सगळं वजन असलेले विषयही नकोत. हुंडा बंद व्हावा की नाही, झाडं तोडावीत की नाही, यावर प्रतिकूल बाजू मिळालेल्या मुलाला आपण खोटं बोलायला शिकवतो. समतोल तपासायची साधी रीत अशी: सगळ्या शाळांच्या शिक्षकांना एकत्र बसव, प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे तीन-तीन मुद्दे स्वतःच्या हाताने लिहायला सांग. बहुतेकांचा पेन एकाच बाजूच्या दुसऱ्या मुद्द्यावर अडला, तर ठराव कलता आहे. कधी शब्द बदलून तो सरळ होतो, कधी सोडूनच द्यावा लागतो.

आता जरा नाजूक गोष्ट. जात, आरक्षण, धर्म, पक्ष आणि पुढारी हे विषय पहिल्या सत्रात आणू नकोस, हे तुलाही सुचलं असेल. पण काही विषय वरून निरुपद्रवी दिसतात आणि आत कुणाचं तरी घर असतं. दारूबंदीचंच घे. वादासाठी याहून पुराव्याने भरलेला विषय आपल्या राज्यात सापडणं कठीण. वर्ध्यात १९७४ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आणली आणि २०२१ ला उठवली. म्हणजे बंदी असलेले, नसलेले आणि असून उठवलेले असे जिल्हे एकमेकांच्या शेजारी. कॉलेजच्या मुलांसाठी उत्तम. पण नववीच्या वर्गात एखादी मुलगी अशी बसलेली असते, जिच्या घरी रोज रात्री हेच चालतं. तिला ‘बंदी उठवावी’ ही बाजू चिठ्ठीत आली तर ती काय बोलणार? आणि ‘बंदी असावी’ ही आली, तर ती जे बोलेल त्याला वेळेची घंटा कशी वाजवायची? मुलांची घरं तुला माहीत झाल्यावर, वर्षाच्या शेवटी, वाटलं तर हा विषय घे.

‘आठवीपर्यंत नापास करू नये’ हा विषय तुझ्या मनात असेल, कारण कायदा हाताशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने मुलाला मागे ठेवायला मनाई केली, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला राज्यांना मोकळीक दिली, आणि आपल्या राज्याने त्या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून पुन्हा आणली. दोन्ही बाजू सारख्या तगड्या आहेत. तरीही मी तो पहिला ठेवणार नाही. ‘ढकलपास’ हा शब्द मुलं एकमेकांना कसा फेकून मारतात ते आपण मधल्या सुटीत ऐकतोच.

मग कोणता? मी तुला शाळेच्या वेळेचा ठराव सुचवते. ‘माध्यमिक शाळांचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत.’ राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांसाठी असाच निर्णय काढला. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, ही बाब तेव्हाच्या राज्यपालांनीच आधी मांडली होती. आता प्रश्न असा, की हाच नियम आठवी ते दहावीलाही लावावा का? ठरावाला कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि परवा सकाळी काय बदलेल ते घराघरांत ताबडतोब कळतं.

या ठरावावर माझा जीव आहे तो एका कारणाने: यातला पुरावा मुलाला पायी चालत जाऊन मिळतो. एसटी स्टँडवर वेळापत्रक रंगवलेलं असतं, वाहतूक नियंत्रकाला विचारलं तर पहिली गाडी वाडीवरून किती वाजता सुटते आणि संध्याकाळची शेवटची कधी, हे तो सांगतो. मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बस तुमच्या तालुक्यात असतील, तर त्यांच्या फेऱ्या शाळेच्या वेळेशी कशा बांधलेल्या आहेत ते मुली स्वतःच सांगतील, कारण त्या रोज त्यातूनच येतात. मुख्याध्यापकांच्या कार्यालयात गेलं तर दोन सत्रांत शाळा का भरवावी लागते, एकूण खोल्या किती आणि तुकड्या किती, हे कळतं. आई किती वाजता उठते आणि डबा कधी होतो, हे घरीच मोजता येतं. गावातल्या डॉक्टरांना झोपेबद्दल विचारता येतं. यातलं काहीही छापील पुस्तकात शोधावं लागत नाही, आणि माणसांना नीट प्रश्न कसा विचारायचा याचं शिक्षण आपसूक होतं.

शाळा वेगवेगळ्या असल्याचा फायदाही याच ठरावात दिसतो. तालुक्याच्या गावातली शाळा दोन सत्रांत, सकाळी सातला भरते. आतल्या गावांतल्या शाळा अकराला भरून पाचला सुटतात. सातच्या शाळेतल्या मुलाला पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवण्याचे हाल माहीत आहेत. अकराच्या शाळेतल्या मुलीला डिसेंबरात अंधार पडता पडता घर गाठण्याची घाई माहीत आहे. हे दोघं एकमेकांसमोर उभे राहिले की दोघांनाही नवं काहीतरी ऐकायला मिळतं. म्हणून विषय सगळ्यांचा एक हवा, पण त्याचा अनुभव प्रत्येक शाळेचा निराळा असावा. विषय निवडताना बहुतेक जण याच्या उलट करतात, सगळ्यांना सारखीच अपरिचित असलेली काहीतरी जागतिक समस्या घेतात.

वाचायला बाहेरचं थोडं द्यायचं असेल तर तेही आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांचं सांगणं आहे, आणि या वयात झोप येण्याची वेळच पुढे सरकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये हायस्कूलसाठी तसा कायदाच केला आणि जुलै २०२२ पासून तो लागू झाला. अनुकूल बाजूचं मूल हे सांगेल. प्रतिकूल बाजूचं मूल म्हणेल, तिथे पिवळी बस दारात येते, आमच्याकडे सातची एसटी चुकली तर पुढची कितीला? दोघंही खरं बोलत असतील. तसं होणारा ठराव चांगला.

या ठरावात एक अडचण दडलेली आहे, ती तू मुलांना सांगू नकोस. मार्च-एप्रिलच्या उन्हात शाळा सकाळची होते, विदर्भात तर याशिवाय इलाजच नाही. नऊनंतरच शाळा भरवायची म्हटलं तर त्या दिवसांत मुलं भर दुपारी घरी जाणार. प्रतिकूल बाजूच्या कुणाला तरी एके दिवशी हे सुचेल, आणि त्या दिवशी अनुकूल बाजूची तारांबळ उडेल. पुढच्या भेटीला कुणीतरी म्हणेल, उन्हाळ्यापुरता अपवाद करू. मग दुसरी बाजू विचारेल, अपवाद केलात म्हणजे नियम राहिला का? हा प्रश्न त्यांचा त्यांना सापडू दे, तू मध्ये बोलू नकोस. बाईंनी सांगितलेला आक्षेप मुलं वहीत उतरवतात, स्वतः काढलेला आक्षेप वर्षभर विसरत नाहीत.

ठरावाच्या शब्दांवर वेळ घाल. ‘नऊपूर्वी भरवू नयेत’ असं मी मुद्दाम लिहिलं नाही. ठराव नकारार्थी असला की अनुकूल बाजूच्या मुलाला ‘नको’साठी आणि प्रतिकूलला ‘हवं’साठी उभं राहावं लागतं, आणि नवखं मूल तिसऱ्या वाक्याला आपण कुठल्या बाजूचे हेच विसरतं. दोन गोष्टी ‘आणि’ने जोडू नकोस, शाळा उशिरा भरवावी आणि गृहपाठ कमी करावा, असं म्हटलंस तर निम्मी मुलं एकीवर बोलतील, निम्मी दुसरीवर. ‘सरसकट’, ‘कधीही’, ‘सक्तीने’ हे शब्द ठरावात आले की प्रतिकूल बाजूला एक उदाहरण दाखवून जिंकता येतं. ‘माध्यमिक’ म्हणजे इथे आठवी ते दहावी, हे पत्रकात लिहून टाक, नाहीतर पहिल्या भेटीचा अर्धा वेळ त्यावरच जाईल.

बाजू आधी वाटून देऊ नकोस. प्रत्येक मुलाने दोन्ही बाजू तयार करायच्या आणि भेटीच्या दिवशी चिठ्ठी काढायची. पालक येऊन म्हणतील, मुलाला जे पटत नाही ते कशाला बोलायला लावता? त्यांना शांतपणे सांग, की आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांतसुद्धा आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती. समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच नीट मांडता आलं तरच त्याचं खंडन करायचा अधिकार. मुलांना वहीचं पान मधोमध दुमडायला शिकव. डावीकडे समोरच्याचे मुद्दे, उजवीकडे आपली उत्तरं. उजवी बाजू कोरी राहिली तर ते परीक्षकांनाही दिसू दे. परीक्षकांना आधीच सांगून ठेव, की निम्मे गुण खंडनाचे. आवाज, हावभाव, सुभाषितं यांना गुण दिलेस तर मुलं पुन्हा पाठांतराकडे वळतील आणि तुझी सगळी मेहनत वाया जाईल. पहिल्या दोन भेटींना करंडक ठेवूच नकोस.

सप्टेंबरात शिक्षक म्हणतील, तेच तेच ऐकून कंटाळा आला, विषय बदलूया. ऐकू नकोस. कंटाळा शिक्षकांना आधी येतो, कारण त्यांनी सगळ्या शाळांची सगळी मुलं ऐकलेली असतात. मूल तर अजून तिसऱ्यांदाच उभं राहत असतं, आणि खरं बोलायला ते तिथूनच लागतं.

आता तो कायदेभंगाचा विषय. दिवाळीनंतर, याच मुलांना, तो अवश्य दे. आपल्या मुलांना त्यासाठी परक्या देशात जावं लागत नाही. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. मुलं आधी तेच सांगतील आणि त्यांना वाटेल की अनुकूल बाजू जिंकली. तेव्हा त्यांचं लक्ष ठरावातल्या ‘लोकशाहीत’ या शब्दाकडे वळव. १९३० साली इथे परक्यांचं राज्य होतं, कायदा करणाऱ्यांना निवडून देण्याचा हक्क बहुतेकांना नव्हता. मग महाड काढ. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले तेव्हा ते कायदा मोडत होते की कायदा अमलात आणत होते? त्याच वर्षी डिसेंबरात विरोधकांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला, तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं आणि लढा कोर्टात नेला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं थांबणं योग्य होतं का, यावर मुलांना बोलू दे. दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि दोन्ही बाजूंनी आदराने बोलता येतं.

आणि शेवटी २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं बाबासाहेबांचं भाषण वाचायला दे. घटनात्मक मार्ग खुले नव्हते तेव्हा बाकीच्या मार्गांना समर्थन होतं, आता ते मार्ग सोडले पाहिजेत, सत्याग्रह आणि कायदेभंगसुद्धा, असं ते तिथे सांगतात. प्रतिकूल बाजूच्या मुलाला मग आपण थोर माणसांच्या विरोधात उभे आहोत असं वाटत नाही. पण हे भाषण पचायला आधी एक ठराव दोन्ही बाजूंनी लढवलेला असावा लागतो. पहिल्याच महिन्यात दिलंस तर मुलं त्यातली चार वाक्यं पाठ करतील आणि नमस्कार करून बसतील.

पत्रक आठवड्याभरात पाठव. एक पान पुरे. वर ठराव, खाली ‘माध्यमिक’ची व्याख्या, भेटींच्या तारखा, गुणांची विभागणी. सोबत शासन निर्णयाची प्रत जोड, ती सगळ्यांकडे सारखी असावी. मुद्दे एकही लिहू नकोस, ‘मार्गदर्शक’ म्हणूनसुद्धा नको. आणि प्रत्येक शाळेने पहिल्या भेटीला येताना आपल्या स्टँडवरचं वेळापत्रक मुलांच्या हाताने उतरवून आणावं, एवढी एक ओळ तळाशी घाल.